मांडवीतला पाठलाग : पहिल्या बाणापासून शेवटच्या कटपर्यंत

आमच्या लघुपटातला पाठलाग पडद्यावर 2 मिनिटं 10 सेकंद चालतो. त्यात 64 कट आहेत, म्हणजे सरासरी दोन सेकंदांना एक शॉट. एक तरुण खांद्याला पिशवी अडकवून पळतो आणि दुसरा त्याच्या मागे लागतो. बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या काठावरून लहेरीपुरा दरवाजा, तिथून मांडवी, मग पोळ (जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली), पोळीतून एका जुन्या वाड्याचा जिना आणि शेवटी गच्ची. मारामारी नाही, गाड्या उडत नाहीत. तरी डिसेंबरात परवानगीचा अर्ज लिहिण्यापासून मार्चअखेर आवाजाचं मिक्सिंग संपेपर्यंत सगळ्या फिल्ममध्ये जास्तीत जास्त वेळ याच प्रसंगाने घेतला. बडोद्यात, किंवा कुठल्याही जुन्या शहरात, थोड्या पैशात असलं काही करायला निघालेल्यांसाठी हे क्रमाने लिहून ठेवतो आहोत.

सुरुवात कॅमेऱ्याने नाही, नकाशाने करायची. कोटाच्या आतलं बडोदं यासाठी सोयीचं आहे. मधोमध मांडवी, आणि तिथून चार दिशांना चार रस्ते चार दरवाज्यांकडे जातात : पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट. आमचा पळणारा लहेरीपुऱ्याकडून मांडवीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला पळणार होता. नकाशावर त्याच्या वाटेवर एक लाल बाण काढला. हा बाण म्हणजेच अ‍ॅक्सिस. कॅमेरा या रेषेच्या दक्षिणेला राहिला की पळणारा पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातो, आणि उत्तरेला गेला की उजवीकडून डावीकडे. रस्ता तोच, माणूस तोच, पण पडद्यावर तो परत फिरल्यासारखा दिसतो.

संवादाच्या प्रसंगात लाइन क्रॉस झाली, म्हणजे कॅमेरा या रेषेच्या पलीकडे गेला, तर प्रेक्षकाला जरा खटकतं, एवढंच. पाठलागात गोष्टच उलटी होते. पळणारा एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे आणि पाठलाग करणारा पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून डावीकडे गेला, तर ते दोघं पुढच्या वळणावर एकमेकांवर आदळणार असं वाटतं. दोघं एका फ्रेममध्ये नसताना ‘हा त्याच्या मागे आहे’ हे सांगणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दोघांची सारखी दिशा. म्हणून शॉटच्या यादीत आम्ही ‘दिशा’ असा वेगळा रकाना ठेवला आणि प्रत्येक शॉटपुढे →, ← किंवा ↕ अशी खूण केली. ↕ म्हणजे कॅमेरा बरोबर रेषेवर, माणूस थेट लेन्सवर येतो किंवा लेन्सपासून लांब जातो. या शॉटला दिशा नसते. असे चार-पाच शॉट जास्तीचे घेऊन ठेवा. एडिटच्या टेबलावर अडलेली दिशा सोडवायला तेच कामी येतात.

दिशा बदलावी लागलीच तर ती कॅमेऱ्याने नाही, पळणाऱ्याने बदलावी, आणि तीही फ्रेमच्या आत. मांडवीला नेमका हाच पेच होता. मांडवी हा चौरस मंडप आहे, प्रत्येक बाजूला तीन कमानी. चारही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे कॅमेरा एका कोपऱ्यावरून उचलून समोरच्या कोपऱ्यावर ठेवला की प्रेक्षकाला आधार म्हणून धरायला काहीच उरत नाही. आम्ही तिथे एकच सलग शॉट ठेवला : पळणारा डावीकडून आत येतो, मंडपाला बाहेरून वळसा घालतो, कॅमेरा जागेवरूनच त्याच्याबरोबर वळतो (पॅन होतो) आणि तो उत्तरेच्या रस्त्याला लागून पाठमोरा होतो. साडेपाच सेकंद, मध्ये कट नाही. सगळ्या पाठलागातला हा सगळ्यात लांब शॉट, आणि प्रेक्षकाला पुढची पन्नास सेकंद तो पुरतो.

परवानगीचं काम याच सुमारास सुरू करा, शॉटची यादी पूर्ण व्हायची वाट बघू नका. अर्ज पोलिसांकडे, प्रत वाहतूक शाखेला आणि स्थानिक पोलीस चौकीला, आणि रस्त्यासाठी महापालिकेकडे वेगळा अर्ज. सोबत एक पानी कथासार, जागा आणि वेळ, माणसांची संख्या, सामानाची यादी, वाहनांचे नंबर, जबाबदार व्यक्तीच्या ओळखपत्राची प्रत, आणि खाजगी जागा असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र. रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडा आणि त्यावर कॅमेरा कुठे उभा राहणार ते दाखवा. ‘मांडवी परिसर’ एवढंच लिहिलं की अर्ज फिरत राहतो. ‘लहेरीपुरा दरवाजा ते मांडवी, दक्षिणेची फुटपाथ, सकाळी 7 ते 10, वाहतूक बंद करणार नाही’ असं लिहिलं की समोरच्यालाही सही करायला सोपं जातं. उत्तर यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. कथासारात ‘चाकू’, ‘पिस्तूल’ असले शब्द असतील तर ते खोटे आहेत हे तिथेच स्पष्ट लिहा. आमच्याकडे हत्यार नव्हतंच.

ड्रोनचा विचार लवकर सोडला. हरणीचं विमानतळ जुन्या शहरापासून लांब नाही, आणि 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसपासचा पट्टा हिरव्या क्षेत्रात येत नाही, वेगळी परवानगी लागते. वरून दिसणारा एक शॉट हवाच होता, तो तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून घेतला. खिडकीच्या मालकांना चहा-फाफड्याशिवाय काही लागलं नाही.

तारीख ठरवताना पंचांग आणि ऊन दोन्ही बघा. उत्तरायणाच्या आधी आणि नंतर बडोद्याचं आकाश एकसारखं नसतं. 14 जानेवारीच्या आधी रस्त्यावर मांजा रंगवणारे बसलेले असतात, दोन दिवस आकाश पतंगांनी भरतं, आणि नंतर आठवडाभर तारांवर, झाडांवर कटलेले पतंग लोंबत राहतात. रोज त्यातले थोडे कमी होतात. गच्चीवरचे निम्मे शॉट 20 तारखेला आणि निम्मे फेब्रुवारीत घेतले, तर मागच्या तारेवरचा पिवळा पतंग एका कटमध्ये असेल आणि पुढच्या कटमध्ये गायब. 26 जानेवारीला झेंडे आणि पताका, लग्नसराईत मांडव. म्हणून गच्चीवरचं सगळं एकाच सकाळी उरकायचं ठरवलं. रस्त्याचं काम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या सकाळींवर टाकलं.

त्या दिवसांत सूर्य सातनंतर वीस मिनिटांनी वगैरे उगवतो, रस्त्यात ऊन उतरायला आठ वाजतात आणि दहाच्या सुमारास दुकानं उघडायला लागतात. म्हणजे हातात दोन तास. या दोन तासांत शॉट गोष्टीच्या क्रमाने घेण्यात अर्थ नाही, उन्हाच्या क्रमाने घ्यायचे. पळणाऱ्याचं तोंड पूर्वेला, म्हणजे कोवळं ऊन थेट चेहऱ्यावर. समोरून घ्यायचे सगळे शॉट, मग ते लहेरीपुऱ्याजवळचे असोत की मांडवीजवळचे, पहिल्या तासात. बाजूने घ्यायचे दुसऱ्या तासात. पाठमोरे शेवटी, कारण तोवर सूर्य थोडा वर चढलेला असतो आणि थेट लेन्समध्ये येत नाही. रंग नंतर ग्रेडिंगमध्ये (रंगदुरुस्तीत) जुळवता येतो, सावलीची लांबी जुळवता येत नाही. आणि शटर! दुकानांची शटरं बंद, अर्धी उघडी, उघडी : मागच्या भिंतीवरचं घड्याळच ते. रस्त्यातला शेवटचा शॉट साडेनऊपर्यंत संपवायचा, असं आधीच ठरवून टाका. एका कापडवाल्या काकांनी मात्र दोन दिवस आपणहून अर्धा तास उशिरा दुकान उघडलं. “तमे पतावो, मराठी भाई,” (तुम्ही उरका) म्हणाले.

कपड्यांचं गणित साधं आहे, पण ते कागदावर हवं. दोघांचे प्रत्येकी तीन सारखे शर्ट घेतले : कोरा, घामाचा आणि मळलेला-फाटलेला. सहा शर्टांचे 2,700 रुपये. घामाच्या पाच पायऱ्या ठरवल्या, 0 ते 4. सूरसागरला 0, दरवाज्यात 1, मांडवीला 2, पोळीत 3, गच्चीवर 4. शॉटच्या यादीत दिशेच्या शेजारी हा आकडा. चेहऱ्यावर नुसतं पाणी फवारलं तर जानेवारीच्या कोरड्या हवेत ते पाच मिनिटांत उडतं. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारायचं, थेंब टिकतात. शर्टवर मात्र साधं पाणी, ग्लिसरीनचे डाग वाळत नाहीत.

कंटिन्युइटीला, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतं का ते बघायला, एक माणूस स्वतंत्र हवा, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नाही. दिग्दर्शकाला ‘मी बघतो’ म्हणू देऊ नका, तो अभिनय बघत असतो. आमच्या कंटिन्युइटीवालीच्या वहीत प्रत्येक टेकला या नोंदी होत्या : दिशा, लेन्स, कॅमेऱ्याची उंची, वेळ, घामाचा आकडा, पिशवी कुठल्या खांद्याला, कुठला हात पुढे, कुठल्या पायाने फ्रेममध्ये आला, आणि बाहेर गेला की आतच थांबला. फोटो टेकच्या सुरुवातीला काढण्यात फारसा फायदा नाही. ‘कट’ म्हटल्या म्हटल्या ‘हलू नका’ असं ओरडून काढायचा, कारण पुढचा शॉट तिथून जोडला जाणार असतो.

कॅमेऱ्याची सेटिंग पहिल्या दिवशी ठरवून चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्यालाच लावली : सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/100 सेकंद, व्हाइट बॅलन्स 5600, ऑटो काहीही नाही. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 1/50 आणि 1/100 या दोन्ही वेगांना ट्यूबलाइट लुकलुकत नाही. 1/100 ला पळणाऱ्याचे हातपाय जरा धारदार दिसतात, धूसर होत नाहीत, आणि पाठलागाला ते शोभतं. पण एकदा 1/100 घेतलं की सगळीकडे तेच. 1/50 चा एक शॉट मध्ये आला तर तो मऊ दिसतो आणि का खटकतंय ते कुणाला सांगता येत नाही. कॅमेरा, दोन लेन्स आणि गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) मिळून भाडं दिवसाला 4,500 रुपये पडलं.

वेग हा पायांत कमी आणि लेन्समध्ये जास्त असतो. 85 मिमीने समोरून घेतलं की माणूस कितीही जिवाच्या आकांताने पळाला तरी जवळ येत नाही. मात्र पाठलाग करणारा त्याच्या मानेवर आल्यासारखा दिसतो. 24 मिमीने बाजूने, माणूस कॅमेऱ्यापासून चार-पाच फुटांवरून गेला की तो सुसाट वाटतो. म्हणून ताण दाखवायला लांब लेन्स आणि वेग दाखवायला रुंद लेन्स. कलाकाराने पूर्ण वेगाने पळायचं नाही, ताकदीच्या सत्तर टक्के. नवव्या टेकलाही तेवढाच वेग राहिला पाहिजे आणि पाय मुरगळता कामा नये. काही शॉट 22 फ्रेमने घेऊन 25 ने चालवले, वेग साधारण चौदा टक्के वाढतो. ही युक्ती फक्त रिकाम्या भिंतीसमोर वापरा. मागे कुणी म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन चालत असतील तर ते मूकपटातल्यासारखे तुरुतुरु चालायला लागतात आणि प्रसंगाचं हसं होतं.

एंट्री आणि एक्झिट स्वच्छ घ्या. पळणाऱ्याने फ्रेमबाहेर किमान दहा पावलं आधी पळायला लागायचं आणि बाहेर गेल्यावर आणखी दहा पावलं पळत राहायचं. नवखे कलाकार फ्रेमच्या कडेला पोचले की वेग सोडतात. कडेवरच्या त्या शेवटच्या पाच फ्रेम्समध्ये खांदा सैल पडलेला स्पष्ट दिसतो. शिवाय प्रत्येक शॉटची सुरुवात आणि शेवट एक-दोन सेकंद रिकाम्या फ्रेमवर ठेवा.

दोघांतलं अंतर हीसुद्धा कंटिन्युइटीच आहे, आणि हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आम्ही ते फुटांत नाही, सेकंदांत मोजलं. दरवाज्याजवळ उसाच्या रसाची एक लारी (हातगाडी) उभी होती. पळणारा लारी ओलांडतो आणि आठ सेकंदांनी दुसरा तीच लारी ओलांडतो. मांडवीला अंतर पाच सेकंद, पोळीच्या तोंडाशी परत सहा (मध्ये तो एका सायकलीला अडखळतो), पोळीत तीन, जिन्यावर दीड. हे आकडे यादीत लिहिले. दर चार-पाच कटनंतर दोघं एका फ्रेममध्ये दिसणारा एक शॉट ठेवला, म्हणजे हिशेब प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर पुन्हा मांडला जातो. तो नसला तर एडिटमध्ये अंतर रबरासारखं ताणतं आणि आटतं, आणि मग कुणी पकडला जाण्याची भीतीच राहत नाही.

रस्त्यावरच्या लोकांबद्दल : ‘चोर, चोर’ असं प्रत्यक्ष जागेवर ओरडायचं नाही. मांडवीत कुणी पळताना दिसला आणि मागून असा आवाज आला, तर चार माणसं त्याला खरोखर धरतील, आणि धरून थांबणारही नाहीत. ओरडणं डबिंगमध्ये घ्या. रस्त्याच्या दोन्ही टोकांना गुजरातीत ‘शूटिंग चालू छे’ अशी पाटी आणि चमकत्या जॅकेटातली आपली माणसं उभी करा. गाय आली तर टेक थांबवा. तिला हाकलून उपयोग नाही, ती पुढच्या शॉटमध्येही हवी असते आणि तेव्हा ती नसते.

पोळीत वेगळीच अडचण. बोळ सात-आठ फूट रुंद, बाजूने शॉट घ्यायला जागाच नाही. तिथे फक्त समोरून आणि मागून, म्हणजे सगळे ↕. असे दहा शॉट लागोपाठ आले की दिशा पुसट होते, म्हणून प्रत्येक वळणाचा एक शॉट घेतला ज्यात पळणारा फ्रेममध्येच उजवीकडे वळतो. खरी पोळ डावीकडेही वळत होती. ती वळणं टाळली, आणि एकच वळण दोन उंचीवरून, दोन लेन्सने घेऊन दोनदा वापरलं. एक ओटला (घरासमोरचा ओटा) दोन्ही शॉटमध्ये येत होता, दुसऱ्या वेळी त्यावर सायकल टेकवून ठेवली.

वाडा सूरसागरच्या पलीकडे, दांडिया बाजारात मिळाला. म्हणजे पडद्यावर मांडवीच्या पोळीतून उंबरा ओलांडला की माणूस थेट दांडिया बाजारात. दार हा दोन जागांमधली शिवण लपवायला सगळ्यात चांगला भाग : बाहेरून घेतलेल्या शॉटमध्ये तो अंधाऱ्या दारात शिरतो, आतून घेतलेल्यात उजेडाकडून येतो. दाराचा रंग जवळपास सारखा, आत येण्याची दिशा तीच आणि पाऊल तेच, एवढं पुरतं.

जिना सागवानी, अरुंद आणि अंधारा. चढताना धरायला वरून दोर सोडलेला आणि तोंडाशी झडप. वाड्यातल्या काकूंची एकच अट होती, “बूट घालून चढायचं तर तळव्यांना कापड बांधा रे, पायऱ्या माझ्या सासऱ्यांच्या वेळच्या आहेत.” बांधलं. आवाज नाहीतरी नंतरच भरायचा होता. इथला मॅच कट, म्हणजे एकच कृती दोन शॉटमध्ये सलग जोडणारा कट, सगळ्यात जास्त तयारीचा. वाइड (लांबचा शॉट) खालून : पळणारा उजव्या हाताने दोर धरतो, पिशवी डाव्या खांद्यावर, डावा पाय पहिल्या पायरीवर. क्लोज (जवळचा शॉट) वरून : दोरावर हात येतो, मूठ आवळते, दोर ताणला जातो. दोन्ही शॉटमध्ये कृती पूर्ण करायची, अर्धी वाइडमध्ये आणि अर्धी क्लोजमध्ये असं करायचं नाही, नाहीतर एडिटरला कापायला जागाच राहत नाही. आम्ही हात वाइडमध्ये दोरापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत जाऊ दिला आणि तिथे कापलं. क्लोज त्या जागेच्या तीन फ्रेम आधीपासून सुरू केला, म्हणजे तीन फ्रेम्सची कृती दोनदा दिसते. गणिताने हे चूक आहे, डोळ्याला मात्र बरोबर वाटतं. मोठ्या फ्रेममधून लहान फ्रेममध्ये आल्यावर डोळ्याला हात शोधायला तेवढा वेळ लागतो. तीनऐवजी सहा केल्या तर हात अडखळल्यासारखा दिसला, एकही ठेवली नाही तर उडी मारल्यासारखा.

एडिट फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू झालं. आधी कार्डांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन्ही मिळून 9,000 रुपये. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत सगळं झालं. पहिली जोडणी चार मिनिटांच्या वर गेली, आणि ती तशीच जायला हवी. पहिल्या फेरीत संगीत नाही, आवाज नाही, छोटे कट नाहीत; कोण कुठे आहे आणि कुणाच्या किती मागे आहे, एवढंच जुळवायचं. संगीत लवकर लावलं तर ते भूगोलातली भोकं झाकतं, ती दिसतच नाहीत.

दुसऱ्या फेरीत एंट्री-एक्झिट. माणूस उजव्या कडेने बाहेर जातो, पुढच्या शॉटमध्ये डाव्या कडेने आत येतो. त्याचे डोळे फ्रेमची कड ओलांडतात त्या फ्रेमला कापलं, शरीर पूर्ण बाहेर जायची वाट पाहिली नाही. पुढचा शॉट तो आत येण्याच्या सहा फ्रेम आधीपासून. 25 फ्रेमच्या वेगात सहा फ्रेम म्हणजे जवळपास पाव सेकंद, प्रेक्षकाची नजर उजव्या कडेवरून डावीकडे यायला तेवढा वेळ लागतोच. याउलट अर्ध्या-पाऊण सेकंदाचे कट जिथे सलग आहेत, तिथे नजरेला फिरवायचंच नाही : शेवटच्या फ्रेममध्ये चेहरा जिथे होता, तिथेच पुढच्या शॉटमध्ये पाय किंवा पिशवी आणली. त्यासाठी काही शॉट दहा-बारा टक्के मोठे करून सरकवावे लागले. फूटेज 4के आणि फिल्म एचडी असल्याने चाललं. नवीन जागेचा पहिला शॉट मात्र दीड सेकंदाच्या खाली नेला नाही. ओळखीच्या जागेत बारा फ्रेम्सही पुरतात.

उलट्या दिशेचा एखादा शॉट आरशासारखा फिरवून घेता येतो, पण त्याला मर्यादा आहेत. गुजराती पाट्या उलट्या होतात, गाडीचा नंबर उलटा होतो, शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, पिशवी खांदा बदलते. लांब लेन्सचा, मागचं सगळं धूसर असलेला, गळ्याच्या वरचा शॉटच असा फिरवावा, आणि त्यातही भांग बघून.

वॉल्टर मर्च या एडिटरने कट कशासाठी करायचा याचे सहा निकष उतरत्या क्रमाने मांडले आहेत : भावना 51 टक्के, कथा 23, लय 10, नजरेचा माग 7, पडद्याचं सपाट प्रतल 5 आणि प्रत्यक्ष जागेतली सलगता फक्त 4. मोठ्या पडद्यावर याचा दाखला 1968 च्या ‘बुलिट’मध्ये आहे. तिथल्या मोटारींच्या पाठलागात एकच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा ओलांडली जाते, आणि तरी त्या चित्रपटाला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं. आमचं मत असं की पाठलागात त्या 4 टक्क्यांचे दोन भाग करावेत. पळणारा कुठल्या बाजूला चालला आहे आणि मागचा किती जवळ आला आहे, हे सुटलं की भीती सुटते, म्हणून ते 51 मध्येच धरा. वळण खरं कुठलं, वाडा कुठल्या पेठेतला, लारीवर किती ग्लास, यावर रात्री जागवू नका. कंटिन्युइटीची वही अचूक हवी, पण अभिनय चांगला आणि पिशवी चुकीच्या खांद्यावर असा टेक असेल तर आधी तो लावून बघा. दोन ठिकाणी आम्ही तसे टेक ठेवले आहेत.

आवाजाने बाकीचे सांधे बुजवले. जागेवरचा आवाज जवळजवळ सगळा टाकून दिला, कारण प्रत्येक कटला हॉर्न मध्येच तुटत होता. प्रत्येक जागी माणसं उभी करून दोन मिनिटांचा नुसता वातावरणाचा आवाज घेऊन ठेवला होता; तो वीस-वीस कटखाली सलग अंथरला, आणि चित्र कितीही तुटक असलं तरी जागा एक वाटायला लागली. पावलं नंतर भरली : पळणाऱ्याला रबरी तळव्याचे बूट, मागच्याला टाचेला नाल असलेले चामडी. फ्रेममध्ये एकटा पळणारा असताना मागून नालांचा आवाज जवळ येत गेला की अंतर न दाखवताही कळतं. पाऊल पडण्याच्या एक-दोन फ्रेम आधी कापलं, म्हणजे आवाज नव्या शॉटवर पडतो आणि कट त्याखाली दबतो. पोळीचा आवाज रस्त्याच्या शेवटच्या शॉटवर पाच फ्रेम आधीच सुरू होतो.

एडिट लॉक (पक्कं) करण्याआधी एक चाचणी घ्या. बडोदं न पाहिलेल्या माणसाला प्रसंग आवाज बंद करून एकदाच दाखवा, आणि कोण कुठून कुठे गेला ते कागदावर काढायला सांगा. आमच्या पाहणाऱ्यांनी सूरसागर ते पोळ बरोबर काढलं, वाड्यात मात्र बाण थांबले. जिन्यावरून गच्चीत येताना पळणारा ← असा बाहेर पडत होता आणि मध्ये वळण दिसत नव्हतं. बडोदेकरांची तक्रार वेगळीच : “मांडवीतून दांडिया बाजारात एका उडीत कसा पोचला?” ती सोडून दिली. पहिलीसाठी पॅच शॉट (भोक बुजवायला नंतर घेतलेला शॉट) घेतला : झडप उघडते, तो थेट कॅमेऱ्यावर वर येतो आणि फ्रेममध्येच वळतो. सव्वा सेकंद. काकूंनी परत दार उघडून दिलं. मळलेले शर्ट धुतले नव्हते म्हणून हे जमलं. फिल्म पूर्ण होईपर्यंत कपडे, पिशवी आणि बूट एका खोक्यात तसेच बांधून ठेवा. झडपेच्या मागे जे आकाश दिसतं ते मार्चचं आहे, म्हणून कॅमेरा इतका खाली ठेवला की त्यात तारा येत नाहीत.